लखनौचा गारवा : अवधच्या घरांतील पाणी आणि इंधनाच्या काटकसरीचा इतिहास

पाणी आणि इंधन यांची काटकसर लखनौच्या जुन्या घरांच्या बांधणीतच बसवलेली होती. भिंतीची जाडी, अंगणाचा आकार, तळघराची खोली, दारावरची वाळ्याची ताटी, अंगणातली विहीर आणि स्वयंपाकघरातले पीठ लावून बंद केलेले पातेले या सर्वांचा उद्देश एकच होता : कडक उन्हाळा कमीत कमी पाण्यात आणि कमीत कमी जळणात पार पाडायचा. अठराव्या शतकापासून आजपर्यंत ही व्यवस्था कशी उभी राहिली, कशी मोडली आणि तिच्यातले काय आजही उपयोगी आहे, याचा मागोवा घेण्यासाठी आधी तिथले हवामान पाहावे लागते.

हवामान आणि नदी

लखनौचे अधिकृत तापमान शहराच्या नैर्ऋत्येला, कानपूर रस्त्यावरील अमौसी येथे नोंदले जाते. अमौसीच्या वेधशाळेतील नोंदींवरून वर्षाचे तीन भाग स्पष्ट दिसतात. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचा कोरडा उन्हाळा, ज्यात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास असते आणि पश्चिमेकडून लू म्हणजे उष्ण वारा वाहतो. त्यानंतरचा दमट पावसाळा. आणि शेवटी धुक्याचा हिवाळा, ज्यात जानेवारीच्या रात्री पारा सात-आठ अंशांवर उतरतो. वर्षाचा पाऊस साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर असतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो.

शहराची नदी गोमती. ती हिमालयातल्या बर्फातून निघत नाही. पिलिभीत जिल्ह्यात माधोटांडा येथील तलावातून उगम पावणारी ही नदी पावसाळा सोडला तर भूजलाच्या पाझरावरच वाहते आणि वाराणसीच्या खाली कैथी येथे गंगेला मिळते. म्हणजे विहिरीतले पाणी आणि नदीतले पाणी हे एकाच साठ्याचे दोन भाग आहेत. लखनौच्या पाण्याच्या साऱ्या इतिहासाला या गोष्टीचा आधार आहे.

भिंत, अंगण आणि तळघर

नवाब आसफउद्दौला याने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली आणि शहराच्या बांधकामाला वेग आला. या बांधकामाचे मुख्य साहित्य म्हणजे लखौरी वीट. आजच्या विटेच्या मानाने ती लहान आणि फारच पातळ, जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची असे. पातळ असल्यामुळे ती कमी आचेवर आतपर्यंत नीट भाजली जाई. चुना आणि विटांचा चुरा म्हणजे सुरखी यांच्या लगद्यात, कधी गूळ, उडदाची डाळ किंवा बेलफळाचा गर मिसळून, या विटा बसवल्या जात. अशा भिंतींची जाडी दोन-तीन फुटांवर सहज जाई. दिवसभराचे ऊन भिंत सावकाश शोषून घेते आणि ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तेव्हा घरातली माणसे गच्चीवर गेलेली असत.

घराच्या मध्यभागी उघडे अंगण आणि त्याच्या भोवती कमानींची दालने अशी रचना असे. मराठी वाड्यातील चौक आणि ओसरी डोळ्यांसमोर आणली की तिची कल्पना येते. निरभ्र रात्री अंगणाची फरसबंदी आपली उष्णता आकाशाकडे टाकते, थंड झालेली जड हवा खाली साचते आणि सकाळी उशिरापर्यंत दालनांत टिकून राहते. संध्याकाळी अंगणात आणि गच्चीवर पाणी शिंपडले जाई. कुटुंब दिवसाच्या प्रहराप्रमाणे घरातल्या घरात जागा बदलत असे : सकाळी दालनात, दुपारी आतल्या खोलीत किंवा तळघरात, रात्री गच्चीवर. सारे घर सारा वेळ गार ठेवण्याचा खर्च त्यामुळे उद्भवतच नसे. जिथे माणूस आहे आणि ज्या वेळी आहे, तिथे आणि त्या वेळी गारवा मिळाला की पुरे, हे त्या राहणीचे गणित होते. चिकनचे भरतकाम केलेली पातळ मलमल हा त्याच गणिताचा भाग. खोलीऐवजी अंग गार ठेवणारा तो कपडा होता.

या बांधणीचा सर्वांत भव्य नमुना म्हणजे बडा इमामबाडा. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून आसफउद्दौलाने त्याचे बांधकाम सुरू केले आणि वास्तुकार किफायतउल्ला याने आराखडा केला. सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद दालनावर लाकडी किंवा लोखंडी तुळईशिवाय विटांची कमान तोललेली आहे. तिच्या वर आणि भोवती भुलभुलैया म्हणून प्रसिद्ध असलेले अरुंद मार्ग आहेत. त्यांच्यामुळे छताचे वजन हलके झाले, आणि ऊन खाणारे वरचे छत व खालचे दालन यांच्यामध्ये हवेचा जाड थर राहिला. आजचे अभियंते ज्याला दुहेरी छत म्हणतात, त्याचेच हे काम.

तळघर म्हणजे तहखाना हा श्रीमंत घराचा उन्हाळी मजला होता. जमिनीखाली काही मीटर गेले की मातीचे तापमान वर्षभर जवळपास सारखे, त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीएवढे राहते. लखनौत ते २५-२६ अंशांच्या घरात येते. बाहेर पारा ४२ वर असताना हा फरक फार मोठा असतो. फ्रान्समधील लियों येथे जन्मलेल्या आणि लखनौत स्थायिक झालेल्या क्लॉद मार्टिनने ही कल्पना आणखी पुढे नेली. १७८१ च्या सुमारास गोमतीकाठी बांधलेल्या त्याच्या घरात, जे पुढे फरहत बक्ष म्हणून ओळखले गेले, सर्वांत खालच्या खोल्या नदीच्या पातळीला होत्या. उन्हाळ्यात तो तिथे राही आणि पावसाळ्यात पाणी चढू लागले की एकेक मजला वर सरकत जाई. पुढे त्याने बांधायला घेतलेल्या कॉन्स्टान्शिया या इमारतीत भिंतींतून हवा खेळवणारे पोकळ मार्ग ठेवले होते; १८०० मध्ये तो वारला तेव्हा याच इमारतीच्या तळघरात त्याचे दफन झाले, आणि १८४५ पासून तिथे ला मार्टिनियर ही शाळा भरू लागली. इंग्रज रेसिडेंटसाठी बांधलेल्या रेसिडेन्सीलाही उन्हाळ्यासाठी तहखाना होता. १८५७ च्या उठावात तिला पडलेल्या वेढ्यात स्त्रिया आणि मुले याच तळघरात आसऱ्याला होती.

बावली, विहीर आणि पखाल

अवधची बावली म्हणजे मराठी मुलखातली बारव. बड्या इमामबाड्याच्या पूर्वेला असलेली शाही बावली पायऱ्यांनी खाली उतरणारी, अनेक मजल्यांची इमारत आहे आणि तिच्या पाण्याचा गोमतीशी संबंध आहे. बांधकामासाठी पाणी पुरवणे आणि पाण्याशेजारच्या गार सज्जांमध्ये पाहुण्यांना विसावा देणे ही दोन्ही कामे तिने केली. साताऱ्याजवळ लिंब येथे विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली बारा मोटांची विहीर याच जातीची आहे. तिच्यातही पाण्यावर महाल आहे आणि शेताला पाणी देणाऱ्या मोटांबरोबर बसाउठायच्या गार जागेची सोय आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीतही मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छप्पर आहे, त्यामुळे वर साठलेले पाणी खालचे दालन गार ठेवते. एकाच पाण्याकडून दोन कामे करून घ्यायची, ही दृष्टी अवधात आणि दख्खनेत सारखीच होती.

सामान्य घरांचे पाणी मोहल्ल्याच्या विहिरीवरून येई. ते आणणारा भिश्ती बकऱ्याच्या कातड्याची मशक पाठीवर घेऊन दारोदार फिरे. महाराष्ट्रात हेच काम पखालजी करीत. एका मशकेत साधारण तीस लिटर पाणी मावते. पाणी मशकेवारी मोजून येत असल्यामुळे ते वापरलेही मोजूनच जाई.

मोठ्या प्रमाणावर पाणी आणण्याचा एक प्रयत्न मात्र फसला. गाजीउद्दीन हैदर (कारकीर्द १८१४ ते १८२७) याच्या काळात गंगेचे पाणी गोमतीला आणण्यासाठी कालवा खणायला घेतला गेला. तो पुरा झाला नाही. १८५७ च्या लढाईत खंदक म्हणून त्याचा उपयोग झाला, आणि आज तो हैदर नाला या नावाने शहराचे सांडपाणी वाहून नेतो. बाहेरून पाणी आणण्याची ही योजना फसली तरी विहिरी आणि बावल्यांनी शहराची तहान भागवली, कारण त्या पायाखालच्या साठ्यातून तेवढेच उपसत होत्या जेवढे पावसाळा परत भरून देत असे.

वाळ्याची ताटी

कोरड्या उन्हाळ्यातले सर्वांत गुणकारी साधन होते वाळ्याची ताटी, म्हणजे खसची टट्टी. वाळा हे गंगेच्या मैदानात आणि ओलसर जमिनीत आपोआप वाढणारे गवत. त्याच्या सुगंधी मुळ्या बांबूच्या चौकटीत दाबून बसवायच्या, ती चौकट पश्चिमेच्या दारा-खिडक्यांत उभी करायची आणि तिच्यावर सतत पाणी मारायचे. बाहेरची लू तिच्यातून शिरताना पाण्याची वाफ करते, वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते आणि खोलीत येणारी हवा दहा-बारा अंशांनी उतरू शकते. ‘आइन-इ-अकबरी’त अबुल फज्लने अकबराच्या काळातील अशा ताट्यांचे वर्णन केले आहे. तेव्हापासून विसाव्या शतकापर्यंत उत्तर भारतातील कोठ्या, कचेऱ्या आणि रेल्वेचे डबे याच मुळ्यांनी गार होत राहिले.

या साधनाची ताकद आकड्यांत पाहता येते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. विजेच्या भाषेत हे जवळपास दोन-तृतीयांश युनिट. आजचे दीड टनाचे वातानुकूलन यंत्र खोलीतून तासाला जेवढी उष्णता काढते, तेवढी तत्त्वतः आठ लिटर पाण्याची वाफ होण्यात खर्ची पडते. मात्र हवा कोरडी असली तरच हे घडते. पावसाळा सुरू झाला की ताट्या उतरवल्या जात, आणि मग भिस्त वाऱ्यावर, गच्चीवर आणि पंख्यावर असे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या बंगल्यांत याच तत्त्वाचे यंत्र आले. लाकडी पेटीच्या बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि आत हाताने फिरवायचा पंखा अशी त्याची रचना होती. छताला टांगलेला कापडी पंखा ओढणारा नोकरही त्याच काळचा. इथे या व्यवस्थेची दुसरी बाजू नोंदवली पाहिजे. लाकूड आणि कोळसा वाचत होता, पण त्याची किंमत भिश्त्याच्या पाठीवर आणि पंखेवाल्याच्या हातांवर पडत होती. सतत काम करणारा माणूस सुमारे ७५ वॅट एवढी शक्ती देऊ शकतो. छताच्या जुन्या विद्युत पंख्याला जवळपास तेवढीच वीज लागते. अशा पंख्याच्या एका बटणाने एका माणसाची दुपारभराची मजुरी सुटली, हे विजेचे मोल कोणत्याही इतिहासाने मान्य करावे असे आहे.

थंड पाणी आणि बर्फ

पिण्याचे पाणी गार करण्यासाठी माठ आणि सुरई यांच्याखेरीज आणखी एक रीत होती ती सोऱ्याची. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. भरलेली धातूची सुरई अशा द्रावणात फिरवत राहिले की आतले पाणी थंडगार होते. अकबराच्या आबदारखान्यातील ही पद्धत ‘आइन-इ-अकबरी’त नोंदलेली आहे. द्रावणातले पाणी आटवून सोरा पुन्हा मिळवता येत असे, म्हणजे तोच सोरा पुन्हा पुन्हा कामाला येई.

त्याहून थक्क करणारी रीत बर्फाची होती. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन छापले. अलाहाबादजवळ हिवाळ्यात मोकळ्या मैदानात सुमारे दोन फूट खोल रुंद खड्डे खणून त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरत. त्यांवर बिनझिलईच्या उथळ मातीच्या थाळ्या मांडून संध्याकाळी उकळून निवलेले पाणी भरत. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की, हवेचे तापमान शून्याच्या वर असूनही, पहाटेपर्यंत थाळ्यांत बर्फ धरे. चिपाडांमुळे जमिनीची ऊब वर येत नाही, पाणी आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकते आणि थाळीच्या सच्छिद्र अंगातून होणारी वाफही मदत करते. सूर्योदयाआधी हा बर्फ गोळा करून गवत आणि जाड घोंगड्यांनी मढवलेल्या खोल खड्ड्यात ठोकून भरला जाई आणि उन्हाळ्यात काढला जाई. हिवाळ्याची थंडी उन्हाळ्यासाठी साठवून ठेवण्याची ही पद्धत जळणाशिवाय चालत होती. पुढे अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला उतरू लागला, त्यानंतर बर्फाचे कारखाने निघाले आणि हा धंदा संपला.

चुलीची काटकसर

लखनौच्या स्वयंपाकाची ओळख असलेली ‘दम’ची पद्धत ही जळण वाचवणारी पद्धत आहे. जाड बुडाच्या देगेत मांस, तांदूळ आणि मसाला भरून झाकणाची कड कणकेने लिंपायची, देग मंद निखाऱ्यांवर ठेवायची आणि थोडे निखारे झाकणावर पसरायचे. वाफ बाहेर जात नसल्यामुळे पाणी कमी लागते, आणि एकदा देग तापली की ती धगीवर टिकवण्यापुरतीच उष्णता द्यावी लागते. बड्या इमामबाड्याच्या दुष्काळी कामावरील मजुरांसाठी अशा मोठ्या देगा लागत आणि तिथूनच ही पद्धत नवाबी मुदपाकखान्यात गेली, अशी लखनौची परंपरा सांगते. रात्रभर निखाऱ्यांवर शिजून सकाळी वाढली जाणारी निहारी हा त्याच काटकसरीचा दुसरा प्रकार. विझत आलेल्या चुलीची उरलेली धग इथे कामाला लावलेली असते. चौक भागातल्या नानबाईची, म्हणजे रोट्या भाजणाऱ्याची, भट्टीही याच हिशेबात धरावी लागते. एकदा तापलेली तंदूर साऱ्या मोहल्ल्याची शीरमाल आणि कुलचे भाजते, आणि शंभर घरांतील शंभर चुली पेटायच्या राहतात.

नळ आणि तार

१८५७ नंतर इंग्रजांनी जुन्या लखनौतून रुंद रस्ते काढले आणि अनेक दाट मोहल्ले पाडले. १८९० च्या दशकात ऐशबागचे जलकल केंद्र सुरू झाले. गऊघाटावर गोमतीचे पाणी उपसून, गाळून ते नळांनी शहरात खेळवले जाऊ लागले. रोगराई कमी करण्याच्या दृष्टीने हे पाऊल मोलाचे होते. त्याच वेळी एक जुनी सवय मात्र सुटली. नळाच्या पाण्याला मशकेचे माप राहिले नाही, अंगणातल्या विहिरी झाकल्या गेल्या आणि उगमाशी घराचा संबंध तुटला. मागोमाग वीज आली आणि पंखेवाला गेला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिमेंट-काँक्रीटची पातळ स्लॅब आणि नऊ इंची किंवा त्याहून पातळ भिंत ही घराची सर्वमान्य रीत झाली. अशी स्लॅब दुपारी तापते आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत धग सोडत राहते. तिच्यावरचा उतारा म्हणून आधी कूलर आला. तो वाळ्याच्या ताटीचाच वंशज. कित्येक घरांत त्याच्या जाळीत अजूनही वाळा भरतात. त्यानंतर वातानुकूलन यंत्र आले. कूलर सुमारे २०० वॅटवर चालतो, दीड टनाच्या यंत्राला त्याच्या सहा-सात पट वीज लागते. जे काम पूर्वी भिंत आणि छत करीत, ते आता विजेच्या बिलावर टाकले गेले.

पाण्याचेही तसेच झाले. नदीचे पाणी अपुरे पडू लागल्यावर शहराने आणि घरांनी नलिका विहिरी खणल्या. बाळागंजला दुसरे जलकल केंद्र झाले, गोमतीनगरसाठी शारदा सहायक कालव्याचे पाणी कठौता तलावात आणले गेले, तरीही शहराच्या तहानेचा मोठा भाग जमिनीखालूनच भागतो. फरसबंदीमुळे पाऊस मुरत नाही आणि पाण्याच्या मोटारींमुळे उपसा वाढत जातो. परिणामी भूजलाची पातळी खाली गेली, आणि त्याच भूजलावर जगणाऱ्या गोमतीचा उन्हाळी प्रवाहही क्षीण झाला. शाही बावलीच्या काळी जो साठा एक होता तो आजही एकच आहे. कुठल्याही बाजूने उपसा झाला तरी रिता तोच होतो.

जुन्या रीतींची नवी रूपे

एकविसाव्या शतकात काटकसरीचा विचार कायद्यांच्या आणि मानकांच्या रूपाने परत आला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि त्याखाली स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ पासून उपकरणांना तारे द्यायला सुरुवात केली. २०२० पासून नव्या वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर लावलेले असते. तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा हिशेब आहे. ६० वॅटच्या दिव्याचे काम ९ वॅटचा एलईडी करतो, आणि नव्या मोटारीचा छताचा पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. उत्तर प्रदेशाने २०१९ मध्ये भूजल व्यवस्थापन आणि नियमन कायदा केला, आणि मोठ्या भूखंडांवरील बांधकामाला छतावरचे पाणी जिरवण्याची व्यवस्था सक्तीची झाली.

या सक्तीमागचे गणित साधे आहे. १०० चौरस मीटरच्या छतावर ९०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९०,००० लिटर पाणी जमते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी ७२,००० लिटर उरते. माणशी दिवसाला १३५ लिटर या शहरी मानकाने चार माणसांच्या घराला ते चार महिन्यांहून अधिक पुरेल. अमौसीपासून कानपूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या नव्या वसाहतींमध्ये ही संधी सर्वांत मोठी आहे, कारण तिथली छपरे आणि मोऱ्या अजून बांधल्या जात आहेत. गच्चीला पांढरा चुना देणे, पश्चिमेच्या खिडकीवर सज्जा काढणे, छतावर हवेचा दुसरा थर ठेवणे आणि न्हाणीचे पाणी बागेला वळवणे या गोष्टी बांधतानाच केल्या तर त्यांचा खर्च अल्प असतो. घर उभे राहिल्यावर त्याच महाग पडतात.

वाळ्यालाही नवे दिवस आले आहेत. लखनौतील केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्थेने वाळ्याच्या अधिक तेल देणाऱ्या जाती तयार केल्या आहेत. त्याच्या खोल मुळ्या बांध धरून ठेवतात, पुराचे पाणी सोसतात आणि पडीक जमिनीतही तग धरतात. ताटीतून गेलेले हे गवत सुगंधी तेलासाठी आणि धूप थांबवण्यासाठी शेतात परतले आहे.

अडीचशे वर्षांच्या या इतिहासात घराच्या काटकसरीचा मोठा वाटा बांधणीनेच उचललेला दिसतो. भिंत, अंगण, तळघर आणि बावली यांनी जोवर आपापले काम केले, तोवर रोजच्या वापरात फारसे जपावे लागले नाही. ते काम त्यांच्याकडून काढून घेतल्यावर तेच पाणी आणि तीच ऊर्जा नळातून, तारेतून आणि भूगर्भातून दररोज ओढून आणावी लागली.